दिवा विझवणारे मिस्तरी

मिस्तरींचा सगळा जन्म गाड्यांत गेला, पण ते स्वतः गाडीत कधी बसत नसत.

बोरीच्या स्टँडवरून जिंतूरच्या बाजूला थोडं चाललं की एका चिंचेखाली त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. दुकानाला पाटी नव्हती. चिंचेच्या खालच्या फांदीला एक फुटका हेडलाइट टांगलेला होता, तो बघून लोक थांबायचे. गाडीची वायरिंग, बॅटरी आणि दिवे एवढंच काम ते करत. इंजिनाला हात लावत नसत. कोणी फार आग्रह केला तर म्हणायचे, "इंजिन म्हंजे पोट. मी नसांचा माणूस हाय. पोटासाठी दुसरीकडं जा."

कुठंही जायचं तर सायकलवर. त्यांच्या भाचीचं लग्न झरीला होतं. आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्या दिवशी जीपमधून वऱ्हाड नेलं. मीही होते. वाटेत मिस्तरी उन्हात सायकल मारत चाललेले दिसले. डोक्याला फेटा, हँडलला आहेराची पिशवी. मालकांनी गाडी थांबवली.

"मामा, बसा की. सायकल वर बांधतो."

"तुमी व्हा म्होरं."

"अहो, लग्न लागून जाईल."

"गाडीत बसलो की मला सगळे आवाज ऐकू येतेत बाबा. कुठं रिले टिकटिक करायलाय, कुठं पट्टा ओरडायलाय. लोकं गावाला जातेत, मी गाडीतच राहतो. जा तू."

अक्षता पडल्यावर ते पोचले. पोचले ते मांडवाच्या मागं गेले आणि लाइटच्या माळा बंद करून आले. भर दुपार होती. माळावाला भांडायला लागला तर हे त्यालाच विचारायला लागले, "बारा वाजलेत. सूर्य कमी पडायलाय का तुला?" शेवटी नवरीनं सांगितलं, मामाला काही बोलू नका, माळा राहू द्या बंद.

विजेचं त्यांना असंच होतं. वाया गेलेली वीज त्यांना सांडलेल्या दुधासारखी दिसायची. स्वतःचा मोबाइल ते दिवसभर बंद करून ठेवायचे. लोक म्हणायचे, मिस्तरी, फोन लागत नाही तुमचा. तर म्हणायचे, "कसा लागंल? बॅटरी राखून ठेवलीय. कवा गरज पडंल सांगता येतंय का?"

कामाला बसायच्या आधी हातातली अंगठी आणि कमरेचा चांदीचा करदोडा काढून ते एका स्टीलच्या डब्यात ठेवायचे आणि झाकण लावायचे. ते शंकराच्या भक्तीतले. गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग होतं, ते मात्र काढत नसत, पाठीवर टाकायचे. तरुणपणी पाना लावताना त्यांची अंगठी बॅटरीच्या टोकाला टेकली होती आणि लालभडक झाली होती. त्या बोटाला गोल पांढरा वळ होता. नवीन ड्रायव्हर आला की तो वळ दाखवून म्हणायचे, "करंट लय आळशी हाय. त्याला घरी जायची घाई असती. जवळची वाट दिसली की लांबच्या वाटेनं जात न्हाई. मधी माझं बोट होतं, ते त्यानं बगितलं न्हाई."

दुसरा नेम चहाचा. खराबी सापडेपर्यंत चहा प्यायचा नाही. ज्यांची गाडी असायची ते बिचारे चहा मागवायचे, तो निवायचा, पुन्हा मागवायचे. मिस्तरी कपाकडं बघायचे पण हात लावायचे नाहीत.

आणि ड्रायव्हरचं ऐकायचं नाही. हा तर मोठाच नेम. एकदा परभणीहून एक व्यापारी नवी कोरी कार घेऊन आला. चावी न लावता चालू होणारी. दोन दिवस उभी राहिली की बॅटरी बसायची. तो एकसारखा बोलत होता, कंपनीत दाखवली, कॉम्प्युटर लावला, हे बदललं, ते बदललं. मिस्तरींनी त्याला हातानं थांबवलं.

"साहेब, तुमी बोलायलात, गाडी गप हाय. तुमी तिकडं झाडाखाली बसा. तिला बोलू द्या."

मग ते एकटेच गाडीत डोकं घालून राहिले. बसले नाहीत, नुसतं डोकं आत. थोड्या वेळानं समोरच्या कप्प्याचं दार उघडलं आणि आतून एक अख्खा नारळ काढला. कुठल्यातरी देवाचा प्रसाद होता. त्या नारळामुळं कप्प्याचं दार बोटभर उघडं राहायचं आणि आतला बारीक दिवा दिवसरात्र जळत राहायचा. मिस्तरींनी तिथंच नारळ फोडला, अर्धा व्यापाऱ्याला दिला, अर्धा स्वतः ठेवला. दुसरं काही घेतलं नाही. व्यापाऱ्याला हे पटत नव्हतं. तो म्हणत होता, निदान काहीतरी बदला तरी. मालक तेव्हा तिथं होते, त्यांनी घरी येऊन आम्हाला सांगितलं आणि आम्ही पोट धरून हसलो.

पुढं आमच्यावरच पाळी आली तेव्हा मात्र हसू आलं नाही.

आमची जीप दुसऱ्याकडून जुनीच घेतलेली आहे. मालक आमच्या गावातून आणि बोरीवरून परभणीला शिटा, म्हणजे माणसं, नेतात. पहाटेची फेरी मोठी. भाजीवाल्या, दवाखान्याला जाणारे, कॉलेजच्या मुली. ती फेरी भरली की दिवस भरला.

जीप घ्यायच्या आधी आठ वर्षं आम्ही ऊसतोडीला जात होतो. तिकडं नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादमाच्या वहीत मालकांचं नाव असायचं आणि पुढं 'एक कोयता'. मी त्या कोयत्यात असायची. पहाटे तीनला उठायचं, तोडलेला ऊस बांधायचा, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, राहायचं. आमची कावेरी त्या कोपीतच चालायला शिकली. शाळेत घातल्यावर तिचं एक वर्ष वाया गेलं, दुसरीत ती दोनदा बसली. मी चौथीपर्यंत शिकले ते बापानं मला कुठं नेलं नाही म्हणून. जीप आल्यावर कावेरी एकही दिवस न चुकता शाळेत जायला लागली, आणि त्या वर्षी ती सातवीत होती.

त्या वर्षी दसरा झाला आणि तीन-चार दिवसांनी एका पहाटे जीपची चावी फिरवली तर नुसतं टक् झालं. शिटा खाली उतरल्या, ढकलली, चालू झाली. दुसऱ्या दिवशी तेच. आमच्या अंगणाला रस्त्याकडं उतार आहे, जीप रात्री तोंड खाली करून उभी असते. पण उतार दहाच पावलांचा, तेवढ्यात गार झालेली गाडी धरत नाही. मग चार माणसं गोळा करा, रस्त्यावर ढकला. मालकांनी नवीन बॅटरी घातली. नवीन बॅटरीही पहाटे मेलेली. दिवसा मात्र काही तक्रार नाही, परभणीतून परत येताना एका चावीत चालू.

आठ दिवसांत शिटा कमी झाल्या. गावात दुसरी एक जीप होती, ती वेळेवर निघायची. कोणाला काय म्हणणार? पहाटे दवाखान्याला निघालेला माणूस गाडी ढकलत बसेल का?

एके दिवशी मुकादम येऊन गेला आणि मालकांनी त्याला सांगितलं, सोमवारपर्यंत बघतो, गाडी सुधारली नाही तर दिवाळीनंतर तुमच्या ट्रकमध्ये बसतो. मी आत भाकरी थापत होते. ते ऐकून माझा हात तव्याला लागला. कावेरीनं विचारलं, "आई, माझी सहामाही झाल्यावर जायचं का आधीच?" तिनं रडून विचारलं असतं तर बरं झालं असतं. ती वही-पेन घेऊन, हिशेबानं विचारत होती.

मालक जीप घेऊन मिस्तरींकडं गेले. मिस्तरींनी बॅटरीची मायनसची वायर काढली आणि वायर आणि बॅटरीच्या मध्ये एक बल्ब लावला. चावी बंद, दिवे बंद, म्हणजे बल्ब पेटायला नको. पेटला तर कोणीतरी चोरून करंट पीत आहे. दुपारभर बल्ब पेटला नाही.

"इथं ही गाडी शहाणी हाय," मिस्तरी म्हणाले. "घरी कायतरी करतीय. ती झोपती तिथं येऊन बगावं लागंल."

"मामा, गाडी कुठं झोपती व्हय?"

"तू झोपतोस तवा ती काय करती, तुला काय ठाऊक?"

सोमवारी पहाटे, अजून नीट दिसत नव्हतं तेव्हा, अंगणात सायकलची घंटी वाजली. मिस्तरी आले होते. सायकलच्या कॅरिअरला हत्यारांची पिशवी आणि एक काळी घोंगडी. डब्यात अंगठी-करदोडा ठेवला, लिंग पाठीवर टाकलं, बॉनेट उघडलं. बल्ब लावला. आणि घोंगडी डोक्यावरून घेऊन बॅटरीवर ओणवे झाले, म्हणजे बारीक उजेडही दिसावा.

"पेटलाय," घोंगडीतून आवाज आला. "लालसर हाय. निखाऱ्यासारखा. पितंय कोणीतरी."

दूध घेऊन चाललेल्या शेजारच्या काकू रस्त्यात थबकल्या. गाडीसमोर घोंगडीत एक माणूस वाकलेला, बाजूला आमचे मालक खाली मान घालून उभे. काकू हळूच म्हणाल्या, "काय झालं रे? कोण गेलं?"

"कोणी न्हाई गेलं काकू. बॅटरी गेलीय."

"मग असे उभे कामून राहिलात मयताला आल्यासारखे?"

"गप बसा!" घोंगडीतून आवाज आला. काकू पदर तोंडाला लावून पळाल्या.

मिस्तरी एकेक फ्यूज काढायला लागले. प्रत्येक फ्यूज काढला की मालकांनी खाली अंथरलेल्या फडक्यावर ओळीनं ठेवायचा. ज्याचा फ्यूज काढल्यावर बल्ब विझेल, त्याच्यात चोर. मी दाराच्या आडून बघत होते. पहिला काढला. बल्ब तसाच. दुसरा. तसाच. फडक्यावर सगळे फ्यूज मांडून झाले, तरी बल्ब लालच. मी दोनदा चहा ठेवला, दोनदा निवला.

मिस्तरी घोंगडीतून बाहेर आले. घाम पुसला.

"आधीच्या मालकानं कायतरी परस्पर जोडलंय. फ्यूजाला वळसा घालून. सगळी वायरिंग उकलावी लागंल. दुकानात चार दिस ठेव."

मालक पायरीवर बसले.

"चार दिस न्हाईत मामा. आज मुकादम येणार हाय. राहू द्या आता. लय केलं तुमी."

मिस्तरी फडक्याजवळ उकिडवे बसले. फडक्यावरचे फ्यूज एकेक करून परत बसवायला लागले. मला वाटलं, संपलं. चार-पाच फ्यूज बसवून ते थांबले आणि जीपकडं लांबून बघायला लागले. काच, दारं, टप, सगळीकडं बोट फिरवल्यासारखं बघत होते.

"गाडी जुनी हाय पण साफ हाय," ते म्हणाले. "रोज कोण पुसतंय हिला?"

"बायको. पहाटे उठून पुसती."

"कुठंय ती?"

"मामा, तिला काय कळतंय गाडीतलं?"

"तुला कळलं असतं तर मी सायकल मारत कामून आलो असतो? बोलव."

परक्या माणसापुढं माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. लहानपणी दुकानात मीठ आणायला गेले तरी मी बोट दाखवायची. मी दारातून एक पाय बाहेर टाकला आणि तिथंच उभी राहिले.

"माय," मिस्तरी म्हणाले. आवाज एकदम खाली आणला होता, मघाच्या माणसाचा वाटतच नव्हता. "तू रोज हिला पुसती. काय दिसतं तुला?"

"काय न्हाई."

"काय न्हाई असं नसतंय. रोज हात फिरतो, त्या हाताला ठाऊक असतं. सांग. चुकीचं असंल तर असू दे."

मी मालकांकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते. मी म्हटलं, "दव."

"दवाचं काय?"

"सगळ्या गाडीवर दव पडतंय. पुढच्या जाळीवर एका जागी पडत न्हाई. तिथं फडकं ओलं होत न्हाई."

"केवढी जागा?"

"तळहाताएवढी."

मालक म्हणाले, "अगं, दवाचं काय घेऊन बस..." पण मिस्तरींनी त्यांना हातानं थांबवलं आणि बॅटरी घेऊन पुढं गेले, हातातली, उजेडाची. मीही एक पायरी उतरले. जाळीच्या सगळ्या पट्ट्यांवर दवाचे थेंब चमकत होते, आणि डाव्या बाजूला, खाली, तळहाताएवढी जागा कोरडी. तिच्या मागं हॉर्न होता. मिस्तरींनी जाळीतून हात घालून उलटा हात हॉर्नला लावला. ताप बघताना लावतात तसा.

"गरम हाय," ते म्हणाले. मग हळू म्हणाले, "गरम हाय रे."

हा हॉर्न आधीच्या मालकानं बसवलेला, मोठ्या आवाजाचा. त्याची वायर सरळ बॅटरीवरून आणलेली, मध्ये फ्यूज नाही. म्हणून फ्यूज काढून काही झालं नव्हतं. मिस्तरींनी हॉर्नच्या मागं बोटं घातली, चाचपलं, आणि काहीतरी ओढून बाहेर काढलं. बोटभर गंजलेली बारीक तार होती. तिच्या एका टोकाला झेंडूच्या फुलाचं वाळलेलं बोंड अजून अडकलेलं होतं.

"ही तार घासून घासून हॉर्नच्या वायरीत घुसलीय. सपाट जागेवर वायर मागं राहती, हिला टेकत न्हाई. इथं गाडीचं तोंड उताराला, वायर फुडं लोंबती अन् हिच्यावर टेकती. गंजलेली हाय म्हणून हॉर्न वाजंना, पण रातभर पितंय." त्यांनी तार वर धरली. "कोणी बांधली ही?"

मला बोंड बघताच समजलं होतं.

दसऱ्याला आमच्याकडं गाडीची पूजा असते. सकाळी जीप धुतली, कुंकू लावलं, झेंडूचा मोठा हार केला. दर वर्षी दोऱ्यानं बांधलेला हार बोरीच्या आधीच गळून पडतो आणि मालक चिडतात. म्हणून त्या वर्षी मी छपराच्या पत्र्याला बांधायची तार घेतली, जाळीतून आत घालून पक्कडीनं तीन पेच दिले. हार परभणीला जाऊन परत आला तरी तसाच होता. मालक खूश झाले होते. आठ दिवसांनी फुलं वाळली, मी हार ओढून काढला. तार आत राहिली. ती मला दिसली नाही, किंवा दिसली असेल आणि मी सोडून दिली असेल.

कावेरी माझ्या मागं येऊन उभी होती. मी गप्प राहिले असते तर कोणाला कळलं नसतं. गावातल्या सतरा जणांनी त्या दिवशी गाडीला हार घातले होते. पण मिस्तरी माझ्याकडं बघत होते आणि मला खोटं तोंड करून उभं राहता येईना.

"मी बांधली," मी म्हटलं. "हार गळू नये म्हणून."

मालक उठून उभे राहिले. माझ्या डोळ्यांपुढं ट्रकची फळी आली. आठ दिवस त्यांनी चहासुद्धा धड घेतला नव्हता, आणि ते सगळं माझ्या हातानं झालं होतं.

मालक तारेकडं बघत होते. मग म्हणाले, "म्हणूनच तो खड्ड्यात आपोआप वाजायचा का?"

मिस्तरी सावकाश वळले. "काय वाजायचा?"

"हॉर्न. लय न्हाई, कधीमधी. झरीच्या पुढं खड्डा लागला की आपोआप पीं करायचा. शिटा हसायच्या."

"कवापासून?"

मालकांनी बोटांवर दिवस मोजले. "दसऱ्यापासूनच की."

"अन् हे तू मला सांगितलं न्हाईस."

"तुमी बॅटरीचं विचारलं मामा. हॉर्नचं कुठं विचारलं?"

मिस्तरींनी घोंगडी खांद्यावरून काढली, बॉनेटवर टाकली आणि कपाळाला हात लावला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं त्यांना काही होतंय. ते हसत होते. मालकही हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले ते त्यांनी बाहीनं पुसले. मला कोणीच काही बोललं नाही.

"माय, इकडं ये," मिस्तरींनी बोलावलं. तार हातात देऊन म्हणाले, "पेच बघ. तीन हायेत, अन् सारखे हायेत. गाडी इतके दिस हादरली, तरी सुटली न्हाई. हात चांगला हाय तुझा. पण गाडीला दोरा बांधत जा. हार पडला तर पडू दे. देव काय खाली वाकून उचलायला सांगत न्हाई."

मग त्यांनी वायरीच्या सोललेल्या जागी काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि मला घोंगडीखाली जाऊन बल्ब बघायला सांगितला. मी डोक्यावरून घोंगडी घेतली. आत मेंढीचा आणि बिडीचा वास होता. बल्ब काळा होता. मी नीट वाकून, अगदी नाक लावून बघितलं. कुठं लाल ठिपकाही नाही.

"विझला का?"

"विझला."

"पक्कं?"

"पक्कं विझला."

"आपल्या धंद्यात दिवा विझला की दिवाळी," मिस्तरी म्हणाले. "आता चहा आण. ऊन ऊन आण."

त्या दिवशी ते बशीनं तीन कप चहा प्यायले. मालकांनी दोन माणसं बोलावून जीप शेवटची ढकलली आणि उशीर झाला तरी मिळतील त्या शिटा घेऊन परभणीला निघून गेले. मिस्तरी सायकलवर त्यांच्या मागं. जीप दिसेनाशी झाली तरी ते आपल्या चालीनं चालले होते.

यानंतर मिस्तरींनी एक नवीन नेम काढला. गाडीची खराबी लवकर सापडली नाही की ते ड्रायव्हरला म्हणायचे, "घरी जा, बाईला घेऊन ये. जी गाडी पुसती तिला." लोक हसायचे, कोणी चिडायचे. पण बोरीच्या त्या चिंचेखाली खरंच बायका यायला लागल्या. पदर सावरत लांब उभ्या राहायच्या आणि मिस्तरी त्यांना विचारायचे, माय, काय दिसतं तुला. एकीनं सांगितलं, मागच्या सीटखाली उंदराच्या लेंड्या असतात. तिथंच वायर कुरतडलेली निघाली. एकीनं सांगितलं, आमच्या गाडीत काही नाही, माझा नवराच रात्री गाणी ऐकत गाडीत झोपतो. नवरा समोरच उभा होता. मिस्तरींनी म्हणे नुसता चहा मागवला. खराबी सापडली होती.

मालक दुकानावरून गेले की मिस्तरी हाक मारून विचारायचे, "माय काय म्हणतीय?" मी काही म्हणत नसायची, पण मालक येऊन सांगायचे, तुला विचारलं. ते मला बरं वाटायचं.

दोन वर्षांखाली मिस्तरींच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. बारीक वायरीचे रंग कळेनात. लेक येऊन त्यांना परभणीला घेऊन गेली. दुकानाचे पत्रे निघाले. त्यांच्या लेकीला मालक परभणीत भेटले होते. ती म्हणाली, बाबा शेजाऱ्यांच्या घरी जाऊन फ्रिजला कान लावून बसतात. आणि जिन्यातले दिवे दिवसा बंद करतात, त्यामुळं वरच्या मजल्यावरच्यांशी भांडण झालं. मला ऐकून हायसं वाटलं. माणूस तसाच होता.

त्या सोमवारचं एक सांगायचं राहिलं.

मालक गेल्यावर तासाभरानं मुकादम मोटरसायकलवर आला. कावेरीची शाळेची वेळ झाली होती, मी तिची वेणी घालत होते. मुकादमानं अंगणात गाडी लावली, काखेतली वही काढली.

"मालक कुठायत?"

"परभणीला गेले."

"गाडी चालू झाली?"

"हौ."

"ढकलूनच झाली असंल. उद्या परत बसंल ती. जुनी गाडी हाय. मी नाव लिहून घेतो, ट्रक भरत आलाय."

इतकी वर्षं मी या माणसाशी कधी बोलले नव्हते. काही विचारलं तर मालकांना विचारा म्हणायची, तेही कावेरीच्या तोंडून.

"उद्या बसणार न्हाई," मी म्हटलं. "मी बघितलंय."

तो हसला. "तुमी बघितलंय? बरं. काय बघितलं?"

ते मी त्याला सांगत बसले नाही. "नाव लिहू नका," मी म्हटलं. "आमी येणार न्हाई."

"मालक आल्यावर विचारून घ्या. मी संध्याकाळी परत येतो."

"येऊ नका. मालकाला मी सांगते."

त्यानं माझ्याकडं थोडं बघितलं, मग वही मिटली, काखेत घातली आणि मोटरसायकलला किक मारली. तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत माझा हात कावेरीच्या अर्ध्या वेणीवर तसाच होता.

"आई, घट्ट बांध," कावेरी म्हणाली. "घंटा होईल."